हरतालिकेचा उपास धरलेले यंत्र

कोणत्याही वस्तूचे गुणदोष त्या वस्तूत वसतात की ती पाहणाऱ्याच्या बुद्धीत, हा प्रश्न शास्त्रकारांनी पुष्कळ घोळविला आहे. परंतु तो प्रश्न अंगावर वागवीत, त्याच्यासह बाजारहाट करीत आणि त्याच्यासहच निवृत्त होत आयुष्य काढणारा मनुष्य आमच्या पाहण्यात एकच आला, आणि तो बीड बायपासच्या दक्षिणेला ‘गिरजाई रेसिडेन्सी’ नामक इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. सदाशिव गोपाळ भालगावकर हे त्यांचे नाव. कोथिंबिरीची जुडी घेतानाही पूर्वपक्ष ऐकून घेतल्यावाचून त्यांनी उत्तरपक्ष मांडलेला नाही. भाजीवाली तोवर ती जुडी दुसऱ्याला विकून मोकळी होते, आणि सदाशिवराव ‘बरे झाले, देठ जाड होते’ असा सिद्धांत मनाशी ठेवून घरी परततात.

भालगावकरांचे घराणे मुळात भिक्षुकीचे. आजोबांनी पळी-पंचपात्र बाजूला ठेवून निजामाच्या तहसिलीत कारकुनी धरली. वडिलांनी उर्दूत दरखास्ती लिहिता लिहिता संध्याही चुकू दिली नाही. या दुहेरी वारशाचा परिणाम असा की, सदाशिवरावांना प्रत्येक गोष्टीच्या दोन बाजू उपजतच दिसू लागल्या: एक धर्माची आणि एक दफ्तराची. शहागंजामागच्या गल्लीतील दोन खोल्यांत ते वाढले, आणि वाळूजला कारखाने उभे राहिले तेव्हा त्यांतील एकात तपासनीस म्हणून लागले. पुढ्यात येणाऱ्या प्रत्येक पोलादी दांड्याला मापाचा गेज लावायचा आणि ‘पास’ अथवा ‘रिजेक्ट’ म्हणायचे, एवढेच त्यांचे काम. दिवसभर असा निवाडा करून ते शिफ्टच्या बसमधून उतरत, तेव्हा त्यांच्या ठायीची निर्णयशक्ती रिकाम्या डब्यासारखी वाजत असे. पोलादाला गेज होता. संसाराला कोणी काढून दिला नव्हता.

विवाहही त्यांनी विचाराधीनच ठेवला होता. वधूपरीक्षेनंतर ‘दोन्ही बाजूंनी विचार करून कळवितो’ असे सांगून ते जे परतले, ते पुढचा पावसाळा उलटेपर्यंत विचारच करीत राहिले. अखेर वधूनेच आपल्या धाकट्या भावाकडून निरोप धाडला, की विचार संपला असल्यास मुहूर्त पाहावा आणि संपला नसल्यास तो लग्नानंतर चालू ठेवावा, आपली हरकत नाही. ती वधू म्हणजे भानुमतीबाई. त्यांनी दिलेली ही सवलत सदाशिवरावांनी आजतागायत वापरली.

भानुमतीबाईंचे या संसाराकडे मागणे असे एकच होते. गणपतीला रोज दूर्वा वाहण्याचा त्यांचा नेम. आणि त्या दूर्वा शहागंजाच्या बाजारातून आणाव्या लागत, तेथपर्यंत येता येताच अर्ध्या सुकलेल्या.

“मला बंगला नको,” त्या म्हणत. “दाराशी हातभर ओली जमीन असावी. सकाळी खाली वाकलं की मूठभर दूर्वा हाती याव्यात. एवढं केलंत तरी पुष्कळ झालं.”

एवढे करण्याची संधी चालून आली होती. तात्यासाहेब औताडे हे शहराबाहेरच्या सातारा गावच्या शिवारातील मोठे जमीनदार. शहर आपल्या बांधापर्यंत येणार, हे शहराला कळण्यापूर्वी ज्यांना कळले अशांपैकी एक. त्यांनी रानाचे भूखंड पाडले तेव्हा पहिला चांगला भूखंड सदाशिवरावांना दाखविला. सदाशिवरावांनी तो पूर्वेकडून पाहिला, पश्चिमेकडून पाहिला. स्वस्त होता, हवा मोकळी होती. परंतु रस्ता कच्चा, पाणी दूर, शिवाय मुख दक्षिणेस.

“पंत, जमीन हाये ती. सोयरीक नाय,” तात्यासाहेब म्हणाले होते. “नाक-डोळे कशाला बघत बसलाय?”

सदाशिवराव विचार करू लागले. त्यांचा विचार चालू असता रस्ता पक्का झाला, बायपासवर दुकाने आली, भूखंडाची किंमत त्यांच्या आवाक्यातून सहजगत्या निघून गेली, आणि एके दिवशी त्याच जागेवर तात्यासाहेबांनी आपल्या मातोश्रींच्या नावाने पाच मजली इमारत बांधली. निवृत्तीनंतर सदाशिवरावांनी तिच्यात सदनिका घेतली. ज्या जमिनीचा ते विचार करीत होते त्याच जमिनीवर, परंतु तिच्यापासून दोन मजले उंच, त्यांना अखेर घर मिळाले. सोसायटीचे अध्यक्ष अर्थात तात्यासाहेब. जिन्यात गाठ पडली की ते विचारीत, “काय पंत, झाला का इचार त्या प्लॉटचा?” आणि भानुमतीबाई तेवढ्यापुरत्या जिन्याच्या कठड्यावरील धूळ पाहत उभ्या राहत.

हा इतिहास एवढ्यासाठी सांगितला, की इमारतीपुढील मोकळ्या जागेत सदाशिवरावांनी जी हिरवळ लावली तिचे मोल वाचकांस कळावे. ती त्यांनी विचार न करता लावली. एका आषाढात ते तात्यासाहेबांच्या उरलेल्या शेतावर हुरडा नव्हे, नुसता वारा खायला गेले असता बांधावर हरळी माजलेली दिसली. शास्त्रात जिला दूर्वा म्हणतात आणि रानात जिला हरळी म्हणतात ती वनस्पती एकच. फरक एवढाच की एकीला हात जोडतात आणि दुसरीला कुदळ दाखवितात. सदाशिवरावांनी तिथल्या तिथे बसून मुळ्या उपटल्या, पिशवी भरली, आणि त्याच संध्याकाळी इमारतीपुढच्या मुरमात त्या टोचून टाकल्या.

तात्यासाहेबांना हे दुसऱ्या दिवशी कळले, तेव्हा ते त्या मुरमाशी येऊन उभे राहिले.

“माझ्या बापाची कंबर मोडली ही हरळी खंदता खंदता,” ते म्हणाले. “माझी जवानी गेली. औत घातलं, ट्रॅक्टर घातला, औषध मारलं. शेवटी रानच इकून टाकलं, म्हणलं सुटलो. अन् तुम्ही तिला पिशवीत घालून घरी आणली, पाव्हणीवानी?”

पुढे अवर्षणाची वर्षे आली. नळाला पाणी आठवड्याने येऊ लागले, बायपासवर टँकरांची रांग लागली, आणि हिरवळीला टँकरचे थेंबभरही पाणी मिळणार नाही असा ठराव सोसायटीने केला. भालगावकर दांपत्याने त्यावर तक्रार केली नाही. पाणी शुद्ध करणारे यंत्र जेवढे पाणी देते त्याहून अधिक वाया घालविते, हे त्यांना ठाऊक होते. ते वाया जाणारे पाणी आणि तांदळाचे धुवण बादलीत साठवून दोघे सकाळी खाली उतरू लागली. शेजारी प्रथम हसले. मग, पाणी गटारात जाते ते पाहवत नसल्यामुळे म्हणा किंवा भानुमतीबाईंच्या नजरेला भिऊन म्हणा, तेही आपापल्या बादल्या जिन्यात ठेवू लागले. सारा परिसर तांबडा पडला असता ही एकच जागा हिरवी राहिली, आणि भानुमतीबाईंना सकाळी खाली वाकून मूठभर दूर्वा मिळू लागल्या. भूखंडाचा विषय निघाला तरी त्या आताशा धूळ पाहत नसत.

ही हिरवळ पूर्वी सरूबाई कापीत असे. सरूबाई जवळच्या वस्तीत राहणारी. विळा घेऊन यायची, गवत कापायची आणि ते आपल्या शेळ्यांना न्यायची. दोन्ही पक्ष समाधानी होते. परंतु ही गोष्ट घडली त्या वर्षी चारा मिळेना म्हणून तिने शेळ्या लासूर स्टेशनच्या बाजारात विकल्या आणि वाळूजच्या एका कारखान्याच्या उपाहारगृहात भांडी घासायला जाऊ लागली. सदाशिवरावांनी तिला निरोप पाठविला, तेव्हा उत्तर आले: “काकाला म्हणावं, शेळ्याच नाय राहिल्या तं गवत काय मी खाऊ?”

गवत वाढत गेले. श्रावणात ते नडगीला लागले. आणि एके सकाळी तात्यासाहेबांनी त्यात धामण पाहिली.

“आज धामण हाये, उद्या नाग येईल,” त्यांनी सोसायटीच्या सभेत सांगितले. “लेकरंबाळं खेळत्यात. मी म्हणतो, खंदून काढू अन् सिमेंटचे गट्टू टाकू. गाड्याबी लावता येतील.”

“श्रावणात नाग आला तर बिघडलं कुठं?” भानुमतीबाई म्हणाल्या. “पूजेला चित्र आणावं लागणार नाही.”

सभेला हसू आले, पण गट्टूंच्या बाजूने हात पुष्कळ वर होते. शेवटी एवढेच ठरले, की गणेश चतुर्थीच्या आरतीनंतर सभा भरेल. तोवर गवत कापले गेले नाही तर दुसऱ्या दिवशी गट्टू येतील. गवताची जबाबदारी सदाशिवरावांनी घेतली. मजूर बोलावून ते एका दुपारी कापून घेता आले असते. परंतु मजूर हा तात्पुरता उपाय. मूलगामी उपाय म्हणजे यंत्र, असे त्यांच्या मनाने घेतले, आणि भानुमतीबाईंनी कपाळाला हात लावला.

यंत्रांचे प्रकार चार. पहिले हाताने ढकलण्याचे. त्याला इंधन लागत नाही, आवाज नाही, बिघडायला त्यात काही नाही. परंतु ढकलणारा माणूस तरुण लागतो, आणि इमारतीतील तरुण सगळे पुण्यात होते. दुसरे पेट्रोलचे. ते बलवान, पण त्याचा धूर आणि गर्जना पाहता गवतापेक्षा शेजारधर्म आधी कापला गेला असता. तिसरे तारेचे. तार घरातून सोडावी लागते, आणि ती गवतात लपते. यंत्राने गवत कापता कापता स्वतःचीच तार कापल्याची एक कथा त्यांनी ऐकली होती आणि आपल्याच फांदीवर कुऱ्हाड चालविणारा इसम त्यांना आठवला होता. चौथे बॅटरीचे. त्याला तार नाही, धूर नाही, आवाज पंख्याएवढा, आणि बटण दाबले की चालू. येथे कोणीही मनुष्य दुकानाकडे निघाला असता. सदाशिवराव मात्र येथून खऱ्या अर्थाने विचाराला बसले.

बॅटरीवर यंत्र अर्धा तास चालते. आपली हिरवळ अर्ध्या तासाची आहे की पाऊण तासाची? पाऊण तासाची असल्यास उरलेली पाव हिरवळ पाहून लोक काय म्हणतील? यंत्राची हमी दीर्घ आणि बॅटरीची अल्प; म्हणजे देह राहतो आणि प्राण जातो. आपल्या गावचा उन्हाळा पत्र्यासारखा तापतो, त्यात ही बॅटरी टिकेल काय? ती चार्ज करावयाची कोणाच्या घरी, कोणाच्या विजेवर? दुरुस्तीचे केंद्र पुण्याला. म्हणजे यंत्रही अखेर तरुणांच्याच वाटेने जाणार. आणि हे सारे निस्तरले तरी एक दोष उरतोच, की फार उंच गवत या यंत्राला झेपत नाही. ते आधी वरवर कापून मग पुन्हा खालून कापावे लागते. विचारात जितके दिवस जात तितके गवत उंच होत होते. म्हणजे यंत्राचा हा एक दोष सदाशिवरावांचा विचारच रोज वाढवीत होता.

पुण्यास असलेल्या त्यांच्या मुलाला, चिन्मयला, हे सर्व दूरध्वनीवर क्रमाने सांगण्यात आले.

“बाबा, घेऊन टाका ना,” चिन्मय म्हणाला.

“घेऊन टाका हे काही प्रमाण नव्हे.”

“मग नका घेऊ.”

“तेही तू विचार न करता म्हणतो आहेस.”

“आई कुठं आहे?” चिन्मयने विचारले.

आईने फोन घेतला. “तुझे बाबा कालपासून बॅटरीच्या पुनर्जन्मापर्यंत आलेत,” त्या म्हणाल्या. “मोक्षाला अवकाश आहे.”

मग त्या फोन ठेवून सज्जात जाऊन उभ्या राहिल्या. खाली तात्यासाहेबांची माणसे दोरी लावून गट्टूंसाठी माप घेत होती. भानुमतीबाईंनी मागे वळून एवढेच म्हटले, “मी काही बोलत नाही. प्लॉटच्या वेळीही बोलले नव्हते.”

त्या वाक्याने सदाशिवराव उठले. जालना रस्त्यावरील दुकानात जाऊन त्यांनी बॅटरीचे यंत्र मागविले, आणि ते हरतालिकेच्या सकाळी, म्हणजे सभेच्या आदल्या दिवशी, खोक्यातून उतरले. नारिंगी रंगाचे, चार चाकांचे, मागे गवत गोळा करण्याची पिशवी बांधलेले. सारी इमारत खाली जमली. बॅटरी रीतसर चार्ज झाली होती, यंत्र वापरण्याचे पुस्तक वाचून झाले होते, आता केवळ कळ दाबावयाची.

परंतु नवे यंत्र पूजेवाचून चालवावयाचे कसे? वाळूजच्या कारखान्यात दर खंडेनवमीला सदाशिवराव स्वतः यंत्रपूजा सांगत असत. प्रत्येक लेथला हळद-कुंकू, अक्षता, झेंडूची माळ आणि पुढ्यात नारळ. आणि त्या पूजेने कोणत्या लेथचे कधी काही वाईट झाले नव्हते. लेथ हा मोठ्या मनाचा असतो. त्याला कुंकू पचते, खोबरे पचते, वेळप्रसंगी पूजा सांगणाराही पचतो. त्याच श्रद्धेने भानुमतीबाईंनी उपाशीपोटी ताम्हन आणले.

येथे सदाशिवरावांना शेवटची शंका आली. पूजा यंत्राची करावयाची की बॅटरीची? यंत्र हे केवळ शरीर, चैतन्य बॅटरीत. चैतन्य सोडून देहाची पूजा करणे म्हणजे मालकाला दाराबाहेर ठेवून घराला जेवू घालण्यासारखे. त्यांनी दोन्ही पक्ष तोलले, आणि बॅटरीवरील झाकण उघडले.

ओले हळद-कुंकू लागले. अक्षता पडल्या, त्यांतील काही दाणे आत, दिसणार नाहीत अशा ठिकाणी गेले. समोरच्या गवतातूनच खुडलेल्या एकवीस दूर्वा त्या गवत कापणाऱ्यालाच वाहण्यात आल्या, आणि या विधीतील औचित्याविषयी कोणाच्याही मनात शंका आली नाही. इतक्यात तात्यासाहेब नारळ घेऊन आले. माणूस विरोधी पक्षातला, पण रीतीला पक्का.

“यंत्र आलंय तं नारळ फुटलाच पायजे,” ते म्हणाले, आणि त्यांनी चाकापुढील दगडावर तो असा आपटला की अर्धे पाणी दगडाला मिळाले आणि अर्धे चैतन्याला.

सदाशिवरावांनी झाकण लावले, मूठ धरली आणि कळ दाबली. यंत्राने घसा खाकरला. एक तांबडा दिवा लागला, लुकलुकला, आणि कुंकवाच्या रंगात मिसळून दिसेनासा झाला. त्यानंतर झेंडूच्या माळेवर बसलेल्या माशीचा आवाज तेवढा ऐकू येत राहिला.

कळ पुन्हा दाबली. पुन्हा दाबली. मंडळी एकमेकांकडे पाहू लागली.

“पंत,” तात्यासाहेब शांतपणे म्हणाले, “तुमचं यंत्र बी हरतालिकेचा उपास धरून बसलंय.”

दुकानदाराला फोन झाला. त्याने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, पाणी गेले आहे काय? सदाशिवराव म्हणाले, पाणी नव्हे, नारळाचे पाणी. दुकानदार म्हणाला, नारळाचे पाणी हमीत बसत नाही. यंत्र पुण्याला पाठवावे लागेल. नारळाचे पाणी हे पाणी आहे की तीर्थ, यावर सदाशिवराव त्याच्याशी बोलणार होते, पण पलीकडून फोन ठेवला गेला.

दुपारी सरूबाई आली. ती दर हरतालिकेला भानुमतीबाईंसाठी रानातून पत्री आणीत असे. त्या दिवशी तिची साप्ताहिक सुटी होती. तिच्या हातात बेलाची एक डहाळी आणि आघाड्याच्या चार काड्या, एवढेच.

“यंदा पत्री नाय काकू. रानात काय राहिलंच नाय,” ती पायरीवर टेकत म्हणाली. “शहागंजात जाऊन आले. दूर्वाची जुडी बघाल तं रडू येतं. नुसती काडी. अन् बायका तिच्यावर बी तुटून पडायल्यात. उद्या गणपती हाये ना.”

बोलता बोलता तिची नजर हिरवळीवर गेली आणि तेथेच राहिली. नडगीएवढे, गर्द, कोवळ्या शेंड्यांचे गवत. आणि त्याच्या मधोमध माळ घातलेले नारिंगी यंत्र.

“ह्ये काय बसवलंय?”

“गवत कापायचं यंत्र आहे,” भानुमतीबाई म्हणाल्या. “कापत मात्र नाही.”

सरूबाईने यंत्राला हात जोडले, कारण त्याला कुंकू होते. मग ती सदाशिवरावांकडे वळली. “काका, कापू का म्या? पैका नको मला. फकस्त गवत माझं. उद्या सकाळी शहागंजात बसते घेऊन.”

“अगं, पण तुझ्या शेळ्या नाहीत म्हणून तर तू नको म्हणाली होतीस,” सदाशिवराव म्हणाले.

“शेळ्या इकल्या. पण गणपती हाये ना अजून,” सरूबाई म्हणाली. “त्यो बी गवतच खातो.”

भानुमतीबाईंनी तोंडाला पदर लावला. सदाशिवराव मात्र गंभीर झाले. दूर्वा खुडावयाची असते, ती विळ्याने कापली तर देवाला चालते काय, याविषयी एक मत असे आणि दुसरे मत तसे. शिवाय हिरवळ सोसायटीच्या सामायिक मालकीची. तिच्यावरील गवत विकण्यास अध्यक्षांची संमती हवी, आणि अध्यक्ष म्हणजे तात्यासाहेब.

“थांब जरा,” ते म्हणाले. “याच्या दोन बाजू आहेत. पहिली अशी, की दूर्वा ही—”

“काका, शहागंजात गिऱ्हाईक बाजू नाय इचारत, भाव इचारतं,” सरूबाई म्हणाली. “काय ते लौकर सांगा. दुसऱ्या कुणाचं गवत गावलं तं मी तिकडं जाईन.”

सदाशिवरावांनी भानुमतीबाईंकडे पाहिले.  त्या त्यांच्याकडे पाहत नव्हत्या; जिन्याच्या कठड्यावरची धूळ पाहत होत्या, भूखंडाचा विषय निघाला म्हणजे पाहत तशा. सदाशिवरावांच्या ओठांवर दूर्वेची पहिली बाजू तशीच अर्धी राहिली होती. दुसरी अजून निघावयाचीच होती.

“काप,” ते म्हणाले.

वाळूजच्या कारखान्यात ‘पास’ म्हणताना त्यांचा जो आवाज लागे, तो त्या दिवशी घरच्या मंडळींनी प्रथम ऐकला, असे भानुमतीबाई नंतर सांगत.

सरूबाईने आपली जाऊ आणि एक शेजारीण बोलावून घेतली. तिघी विळे घेऊन ओळीने बसल्या आणि बोलत, एकमेकींच्या सासवांना नावे ठेवीत पुढे सरकू लागल्या. सदाशिवराव ‘शेंडे सांभाळा, शेंडे सांभाळा’ म्हणत त्यांच्यामागून फिरत होते. कोणी त्यांच्याकडे लक्ष दिले नाही. यंत्र मध्ये येत होते म्हणून सरूबाईने ते माळेसकट जिन्याखाली ढकलले. ढकलायला ते उत्तम होते. अखेरच्या कोपऱ्यात गवत हलले आणि धामण बाहेर आली. ती खरोखरच होती. तिने तिघी बायांकडे पाहिले, सदाशिवरावांकडे पाहिले, आणि कोणताही विचार न करता सरळ सिमेंटवरून सळसळत जाऊन तात्यासाहेबांच्या मोटारीखाली शिरली.

दिवेलागणीला दूर्वेचे भारे रिक्षात चढले. जाताना सरूबाईने एक मोठी जुडी निवडून भानुमतीबाईंना दिली आणि एक तात्यासाहेबांच्या दारात ठेवली. “त्यांच्या बांधाची हाये म्हणत्यात,” ती म्हणाली. “त्यांचा बी हक लागतो.”

दुसऱ्या दिवशी चतुर्थीची आरती झाली आणि सभा भरली. हिरवळ कापलेली होती. सुंदर कापलेली होती असे कोणी म्हणणार नाही. घाईत डोके भादरून घेतलेल्या बटूसारखी ती जागोजाग उंचसखल दिसत होती. पण नडगीला लागेल असे पातेही तिच्यावर नव्हते. तात्यासाहेब उठले. गट्टूंचा नमुना त्यांनी पिशवीतून आणला होता. तो त्यांनी काढला नाही.

“सापाचं म्हणाल तं,” त्यांनी घसा साफ केला, “त्यो आता माझ्या गाडीखाली हाये. सिमेंटवर. कालपासून मी रिक्षानं फिरतोय.”

सभेत मागच्या बाजूला कोणीतरी खोकले.

“मी म्हणत होतो गट्टू टाकू,” ते पुढे म्हणाले. “पण मी या हरळीला उभी हयात वळखतो. गट्टूच्या सांध्या-सांध्यातनं येईल ही. मग पंत सांध्यातली हरळी काढायला यंत्र बघतील. त्याचे गुण, त्याचे दोष. मला पुन्यांदा सभा घ्यावी लागंल, पुन्यांदा नारळ फोडावा लागंल. माझं वय झालं. राहू द्या.” ते खाली बसले आणि हळूच म्हणाले, “आन् गणपतीला ताजी जुडी मिळाली यंदा. बापानं बघितली असती तं खंदायची कुदळ माझ्या डोस्क्यात घातली असती.”

ठराव झाला: हिरवळ राहील. भानुमतीबाईंनी सभेस प्रसादाचे मोदक वाटले. सदाशिवरावांना त्यांनी एक अधिक दिला, आणि तो घ्यावा की न घ्यावा याचा ते विचार करू लागण्यापूर्वीच तो त्यांच्या हातावर ठेवून त्या पुढे गेल्या.

यंत्र अद्याप जिन्याखाली आहे. ते दुरुस्तीसाठी पुण्याला पाठवावे की नवी बॅटरीच घ्यावी, हा प्रश्न सदाशिवरावांच्या विचाराधीन आहे आणि त्यातील पूर्वपक्ष सांप्रत बराच पुढे गेला आहे. दर खंडेनवमीला त्याला झेंडूची माळ पडते. कुंकू आता झाकणाला, बाहेरून लागते. सरूबाई मात्र चतुर्थीच्या आदल्या दिवशी नेमाने येते, आणि काम झाल्यावर विळा धुऊन त्या यंत्राच्या मुठीला अडकवून जाते. घरी नेला तर हरवतो, असे तिचे म्हणणे आहे.